पाठची नोंद

लुलेओच्या तिसऱ्या मजल्यावर, कॉफीयंत्राशेजारी,
आमचं सगळं संशोधन एका प्रश्नात मावायचं:
जिथं तार जात नाही तिथून नोंद कशी यावी?

उत्तर म्हणजे डबे.
बुटाच्या खोक्याएवढे, पिवळे.
एक हेलिकॉप्टरच्या पोटाशी बांधलेला,
एक हेनिंगच्या पोस्टाच्या व्हॅनमध्ये,
बाकीचे स्नोमोबाइलच्या सीटखाली, थर्मासशेजारी.
त्यांना शिकवलं ते एवढंच:
जे मिळेल ते पोटात ठेव.
दुसरा डबा जवळून गेला की त्याच्या कानात सांग.
उत्तराची घाई करू नकोस.

डोंगरात रेनडिअर राखणारी माणसं
पाडसाच्या कानावर सुरीनं घराण्याची खूण कापतात:
डाव्याला दोन खाचा, उजव्याचं टोक तिरपं.
आम्ही खुणांना रकाने दिले.
बिरेत म्हणाली, खुणांचं ठीक आहे,
पण रंग लिहायला तुमच्याकडे पाचच शब्द?
तो रकाना मग आम्ही मोकळा सोडला.

प्रत प्रत्येकाकडे. बिरेतकडे, तिचा भाऊ आयलूकडे,
सीमेपलीकडच्या ओले-मात्तिसकडे, आणि इथं.
भेट होत नाही तोवर प्रती आपापल्या वाढतात,
भेटल्या की जुळवून घ्यायचं.
जुळवून कसं घ्यायचं, हा माझा प्रबंध. पाचवं वर्ष.

घड्याळाला विचारून भागत नाही.
उणे अडतीसला ते स्वतःवरच रुसतं.
म्हणून आमची नोंद वेळ सांगत नाही, एवढंच सांगते:
मला लिहिलं तेव्हा कोणाकोणाची खबर माझ्यापर्यंत आली होती.
ज्या दोघींना एकमेकींचा पत्ताच नव्हता
त्या भावंडं. कुणी कुणाच्या पाठची नाही.
(आमच्या शास्त्रात खरंच हाच शब्द आहे.
मी फक्त तो मोठ्यानं म्हणायला लागले, मार्चपासून.)

फेब्रुवारीत आयलू तळ्याच्या बर्फातून खाली गेला.
त्या बर्फावर तो का गेला, कुणाला उमगेना.
चाळीस वर्षं तो तळ्याला वळसाच घालत आला होता.
निरोप द्यायला चर्चमध्ये आम्ही सगळे होतो,
शेर्स्टिनबाई सुद्धा, परीक्षा सोडून.
त्याचा निरोप अजून वाटेत होता.

अकराव्या दिवशी बिरेतनं लिहिलं:
एकशे चौऱ्याण्णव. मालक, बिरेत.

ओले-मात्तिसचं स्नोमोबाइल तेव्हा बिघडून शेडमध्ये पडलेलं.
त्याला नवा पट्टा मिळाला मार्चच्या मध्यावर.
तो निघाला, हेनिंगच्या व्हॅनला आडवा गेला,
मिनिटभर दोघे तंबाखूची डबी शोधत उभे राहिले,
तेवढ्यात सीटखालचं व्हॅनमध्ये गेलं.
आणि गुरुवारी, दोन वाजता, माझ्या पडद्यावर:
एकशे चौऱ्याण्णव. मालक, आयलू.
तिघी तळ्यापलीकडे राहिल्यात. अंधाराआधी आणतो.

खाली माझाच प्रोग्रॅम विचारत होता, कोणती ठेवू?
चौथ्या प्रकरणातल्या नियमानं
ज्या डब्याचा क्रमांक मोठा, ती नोंद जिंकते.
बिरेतचा सात. आयलूचा तीन.
मी सिद्ध केलंय की हा नियम कधीच अडत नाही.
मी अडले.

फोन लावला. वाचून दाखवलं.
पलीकडे कुत्रं भुंकत होतं, मग थांबलं.
"माझ्या आधीची का?"
आधीची नाही म्हणता येत, मी म्हटलं. नंतरचीही नाही.
मला तेवढंच ठाऊक होतं, आणि ते बरोबर होतं.
"मग राहू देत दोन्ही."

ती वळशानं गेली. दीड दिवस.
दोघी सापडल्या.

आता परीक्षक विचारतात, एकच नोंद
चौदा महिने दुभंगलेली कशी? तक्ता सात, ओळ तिसरी.
मी उत्तराचा मसुदा चारदा खोडलाय.
मालकाच्या रकान्यात दोन नावं तशीच आहेत.
न सापडलेल्या तिसरीची नोंदही बिरेतनं केलीय,
रंगासकट, त्या मोकळ्या रकान्यात,
एका शब्दात, जो मला अजून
नीट उच्चारता येत नाही.